परदेशच्या ओव्या

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. हळदीकुंकवाला पन्नास बायकांचा चहा करायला सांगा, हसत करीन. पण भाषण हे काही आपले काम नव्हे. तर त्या म्हणाल्या, "सोमवारी भजनानंतर तुम्ही ती अमेरिकेतल्या बायकांची गोष्ट सांगितलीत, तीच नीट सांगा." म्हणून उभी राहिले आहे. यातली माहिती माझ्या थोरल्या मुलीची आहे. ती कॉलेजात शिकते, इंग्रजी पुस्तके वाचते, आणि रात्री मी भांडी घासत असताना ओट्याशी उभी राहून मला त्यांतले सांगते. गाणी मात्र मी स्वतः ऐकली, मोबाईलवर. शब्द फारसे कळले नाहीत. पण बाळाला अंगाईतले शब्द कुठे कळतात? तरी ते झोपतेच.

सुरुवात ओळखीच्या गाण्यापासून करते. "हम होंगे कामयाब" हे गाणे शाळेत म्हटले नाही अशी बाई इथे क्वचितच असेल. पंधरा ऑगस्टला रांगेत उभे राहून आम्ही ते म्हणत असू. मला वाटे, हे आपलेच गाणे. हिंदीत ते गिरिजाकुमार माथुर या कवींनी आणले, पण मूळ गाणे अमेरिकेतले. आणि मुलीने पुढे सांगितले की, ते जगभर गेले त्याला तंबाखूच्या कारखान्यातल्या बायका कारण झाल्या. हे ऐकले आणि माझ्या हातातले पातेले तसेच राहिले. कारण माझी आई सिन्नरला विड्या वळायची.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन नावाचे बंदराचे शहर आहे. तिथे सिगारच्या कारखान्यात 1945 सालच्या ऑक्टोबरात संप झाला. संपावर गेलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय बायका होत्या. पगार थोडा, आणि गोऱ्या कामगारांपेक्षा वागणूक हलकी. संप पाच महिने चालला. ऐन हिवाळ्यात, पावसात, त्या बायका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहत. दिवस संपला की ल्युसील सिमन्स नावाची त्यांच्यातलीच एक बाई चर्चमधले एक जुने गाणे अगदी संथपणे सुरू करी आणि बाकीच्या मागून धरीत. चर्चमध्ये ते गाणे "मी" असे होते. मी एक दिवस या साऱ्यांतून पार पडेन, अशा अर्थाचे. फाटकापाशी उभे राहून गाताना बायकांनी त्या "मी"चे "आम्ही" केले.

एवढाच बदल. तो कुणा पंडिताने केला नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या बाईला "मी" म्हणायला बळ पुरले नसेल, म्हणून तिने शेजारणीचा हात धरला असेल, असे मला वाटते. पुढे टेनेसी राज्यात हायलँडर नावाची एक शाळा होती, जिथे कामगार एकत्र येऊन शिकत, तिथे झिल्फिया हॉर्टन नावाच्या बाईंनी हे गाणे या संपकऱ्यांकडून घेतले आणि येईल त्याला शिकवले. तिथून पीट सीगर या गायकाकडे गेले, आणि 1960 नंतर कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यात ते गावोगाव म्हटले गेले. तिथून ते आपल्या शाळेच्या पटांगणावर आले.

आता तुम्ही म्हणाल, कारखान्यातल्या बायकांना ही गाणी आली कुठून? त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

आफ्रिकेतून माणसे धरून, जहाजात कोंबून अमेरिकेत आणून विकली, हे आपण ऐकून आहोत. कापूस, भात, तंबाखू यांच्या शेतांत त्यांना राबवले. आईचे मूल विकले, नवऱ्याची बायको विकली. दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. दक्षिण कॅरोलायनात तर 1740 साली ढोल वाजवण्यावरही बंदी घातली होती, का, तर ढोलाच्या इशाऱ्यावर लोक एकत्र होतील. पुस्तक नाही, वाद्य नाही. राहिले काय? गळा, टाळी आणि पाय. एवढ्यावर त्या लोकांनी देवाची गाणी रचली. त्यांना ते लोक "स्पिरिच्युअल" म्हणतात. आपण त्यांना भजनेच म्हणू या. मिसरच्या राजाच्या तावडीतून सुटलेल्या लोकांची बायबलातली कथा, नदीपलीकडची मुक्तीची भूमी, आकाशातून न्यायला येणारा रथ, असे विषय. गाणाऱ्याने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचे. मालकाला वाटे, हे मेल्यानंतरच्या स्वर्गाचे गातात. गाणाऱ्याला मात्र ठाऊक असे की, नदीपलीकडे म्हणजे कुठे.

समुद्रकाठच्या बेटांवर प्रार्थना संपली की हे लोक फेर धरीत. पाय उचलायचे नाहीत, एकावर एक टाकायचे नाहीत, नुसते घासत, सरकत गोल फिरायचे. एकीकडे उभ्या असलेल्यांनी टाळ्या धरायच्या. मी मोबाईलवर पाहिले तेव्हा मला आपला भोंडला आठवला. जॉर्जिया राज्यात हा फेर अजून धरतात.

1862 साली, तिकडे यादवी युद्ध चालू असताना, ल्युसी मॅक्किम नावाची एकोणीस वर्षांची मुलगी वडिलांबरोबर या बेटांवर गेली. तिला संगीत येत होते. तिने ही गाणी ऐकून सुरांसकट लिहून घ्यायला सुरुवात केली. 1867 साली तिने आणि आणखी दोघांनी मिळून पहिला संग्रह छापला. त्यात 136 गाणी आहेत. तिला अडचण काय आली, तर ती गाणी कागदावर पुरती बसेनात. गळ्यातली हरकत, मधला हुंकार, एकाने सोडलेला सूर दुसऱ्याने उचलणे, हे सारे कसे लिहायचे? तरी तिने लिहिले. जेवढे हाती लागले तेवढे तरी राहिले. ती गाणी प्रथम कुणी रचली, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. आपल्या ओव्यांचेही तसेच. ओवी कुणाची, तर जी दळते तिची.

1865 साली गुलामी कायद्याने संपली. त्यानंतर टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात 1866 साली सुटलेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पुढे तिचे विद्यापीठ झाले. पण पाचच वर्षांत पैशाची इतकी चणचण झाली की, दारे बंद करायची पाळी आली. तेव्हा शाळेच्या खजिनदारांनी नऊ विद्यार्थी घेतले आणि 6 ऑक्टोबर 1871 रोजी ते गाणी म्हणून पैसे जमवायला निघाले. बहुतेक मुले गुलामीत जन्मलेली. त्यांच्यात पियानो वाजवणारी आणि सर्वांना शिकवणारी एला शेपर्ड ही विशीतली मुलगी होती. ती लहान असतानाच वडिलांनी पैसे भरून तिला सोडवून घेतले होते, पण मालकाने आईला काही सोडले नाही. आई-लेकीची ताटातूट झाली. युद्ध संपल्यावर एलाने आईला शोधून काढले आणि पुढे तिला आपल्याजवळ आणले.

आता मला जी गोष्ट तुम्हांला सांगायची आहे ती इथे आहे. ही मुले सुरुवातीला आपल्या आईबापांची गाणी लोकांपुढे म्हणत नसत. गोऱ्या लोकांची, पुस्तकातली, शिष्टसंमत गाणी म्हणत. एला शेपर्डने पुढे लिहून ठेवले आहे की, ती जुनी गाणी चारचौघांत म्हणायची त्यांना कल्पनाच नव्हती. एक तर ती आईबापांना पवित्र होती, आणि दुसरे, गुलामीची ती आठवण अंगावरून पुसून टाकावी असे वाटे. आपसांत, दार लावून, हळू आवाजात ती म्हणत. खजिनदारांच्या आग्रहाने हळूहळू एकेक गाणे बाहेर आले. पहिले काही आठवडे कमाई बेताचीच होती. तरी शिकागो शहराला आग लागल्याचे कळले तेव्हा या उपाशी मुलांनी एका रात्रीची सगळी मिळकत, पन्नास डॉलरही नव्हती ती, जळितांसाठी देऊन टाकली. मग नोव्हेंबरात ओबर्लिन गावी पाद्र्यांच्या मोठ्या सभेत त्यांनी आईबापांची गाणी म्हटली, आणि सभा स्तब्ध झाली. तिथून त्यांचे दिवस पालटले. 1873 साली ती मुले इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीसमोर गायली. मिळालेल्या पैशातून नॅशव्हिलला जुबिली हॉल नावाची मोठी इमारत उभी राहिली. 1876 साली ती वापरात आली, आणि आजही उभी आहे. दर वर्षी 6 ऑक्टोबरला ते विद्यापीठ त्या मुलांचे स्मरण करते. ज्या गाण्यांची लाज वाटत होती, त्या गाण्यांनी शाळा वाचवली.

मैत्रिणींनो, हे ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मीही एकदा अशीच लाजले होते, आणि माझ्यापाशी काही जुबिली हॉल नाही.

माझी आई सकाळी घरचे आवरून दारात सूप मांडीवर घेऊन बसायची. सुपात ओली केलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याची रिळे. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे मान वर करायला फुरसत नसे. त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जात, त्यांचे पैसे मिळत नसत. जाते तोवर आमच्या घरात कोपऱ्याला लागले होते, दळण गिरणीत जाई. पण जात्यावरच्या ओव्या आईने सुपाशी आणल्या होत्या. हात विडीवर आणि तोंडी ओवी. शेजारच्या बायका येऊन बसत, एकीने टाकली की दुसरी पुढची जोडी. भावाच्या, माहेराच्या, पंढरीच्या, जनाबाईच्या. सातवीनंतर मीही तिच्याशेजारी सूप घेऊन बसले, पण गायले कधी नाही. मला वाटे, हे अडाण्यांचे गाणे. सिनेमातले गाणे म्हणजे खरे गाणे.

माझ्या लग्नात हळद दळायला जाते मांडले. आईने खुंट्याला हात लावला आणि ओवी सुरू केली. मांडवात सासरची माणसे आलेली, त्यांतली दोघी-तिघी शहरातल्या. मी आईजवळ वाकून म्हटले, "आई, आता पुरे कर ना. लाऊडस्पीकर लावलाय." आई थांबली. रागावली नाही, काही बोलली नाही. नुसतीच दळत राहिली. त्यानंतर माझ्यासमोर ती कधी गायली नाही. ती जाऊन तीन वर्षे झाली. मागच्या महिन्यात मी वही घेऊन बसले आणि तिच्या ओव्या आठवून लिहू लागले. चार दिवसांत अकरा आठवल्या. तिला शेकड्यांनी येत होत्या.

असो. डोळे पुसायला आपल्याला घर आहे, इथे नको. पुढे सांगते.

अमेरिकेत गोऱ्या गरिबांचीही गाणी आहेत. पूर्वेकडे अपालाचियन नावाची डोंगरांची लांब रांग आहे. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडकडून आलेली माणसे दऱ्याखोऱ्यांत शेती करून राहिली. येताना त्यांनी गाण्यांतल्या गोष्टी आणल्या. दगलबाज नवरा, बुडालेले जहाज, परतून न आलेला मुलगा. या लांबलचक कथा बायकांनी चुलीशी, बाळंतिणीच्या खाटेशी, शेंगा सोलताना राखल्या. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या बाई 1908 च्या सुमारास नवऱ्याबरोबर त्या डोंगरांत फिरताना ही गाणी लिहून घेऊ लागल्या. त्यांचे पाहून इंग्लंडचे सेसिल शार्प 1916 साली आले. त्यांना सर्वांत जास्त गाणी दिली ती उत्तर कॅरोलायनातल्या जेन हिक्स जेंट्री नावाच्या बाईने, साठाहून अधिक. नऊ मुलांची आई, खानावळ चालवणारी. कामाच्या रगाड्यात तिने ती सांभाळली होती.

याच लोकांत देवाचे गाणे म्हणायच्या दोन रीती आहेत, त्या मला फार आवडल्या. पहिली अशी. चर्चमध्ये वाचता येणारे थोडे, पुस्तके त्याहून थोडी. म्हणून एकाने ओळ भराभर सांगायची आणि सर्वांनी ती लांबवून, हेलकावे देत म्हणायची. वाद्य काही नाही. केंटकीच्या डोंगरांतल्या काही चर्चमध्ये आणि कृष्णवर्णीयांच्या कितीतरी चर्चमध्ये ही रीत अजून आहे. आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी मागून घेतात, तसेच नाही का?

दुसरी रीत तर सातवी शिकलेल्या माझ्यासारखीसाठीच काढली असावी. त्यांच्याकडे सूर लिहायची पद्धत अवघड, शिकायला वर्षे लागतात. तर 1801 च्या सुमारास कुणीतरी युक्ती काढली की, प्रत्येक सुराला वेगळा आकार द्यावा. "फा" म्हणजे त्रिकोण, आपला समोसा समजा. "सोल" म्हणजे लंबगोल, "ला" म्हणजे चौकोन, वडीसारखा. आणि "मी" म्हणजे शंकरपाळा. चारच आकार. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही शंकरपाळा ओळखतो! फिरते मास्तर गावात यायचे आणि थोड्या दिवसांत सबंध गावाला गायला शिकवून जायचे. 1844 साली जॉर्जियातल्या व्हाइट आणि किंग या दोघांनी "सेक्रेड हार्प" नावाचे असे पुस्तक काढले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत.

ही माणसे गायला बसतात कशी, ते ऐका. चार बाजूंनी बाके मांडून चौक करतात. तोंडे आतल्या बाजूला, एकमेकांकडे. चार बाजूंना चार तऱ्हेचे आवाज, बारीक, जाड, मधले. मध्ये मोकळी जागा. तिथे एकेकाने पाळीपाळीने येऊन, आपल्या आवडीचे गाणे सांगून, हाताने ताल धरायचा. म्हातारे येते, आठ वर्षांचे पोर येते. आधी सर्वांनी नुसते सुरांचे उच्चार म्हणायचे, आपण सरगम म्हणतो तसे, मग शब्द. श्रोते नाहीतच! टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. आवाज गोड आहे की भसाडा, हे कुणी विचारीत नाही. गातात ते मोठ्याने, पोटातून. मी ऐकले तेव्हा प्रथम दचकलेच. पण ऐकता ऐकता वाटले, एवढ्या जाड-बारीक आवाजांची ही वीण, यातला एकही धागा काढता येणार नाही. दुपारी आपापल्या घरून आणलेले डबे लांब टेबलांवर मांडून जेवतात. आणि वर्षभरात जे वारले त्यांची नावे वाचून त्यांच्यासाठी एक गाणे म्हणतात. जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठीही एक.

आता आवाजाचा विषय निघालाच आहे तर आणखी एका बाईचे सांगते. महेलिया जॅक्सन. जन्म 1911, न्यू ऑर्लिन्स शहरात. आई लहानपणीच गेली, मावशीने वाढवले. शाळा मधेच सुटली, माझ्याहूनही आधी. पुढे शिकागोला जाऊन तिने लोकांचे कपडे धुतले, घरकाम केले. गायची मात्र चर्चमध्ये. तिचा आवाज मोठा, अंग हलवून गाणार, टाळ्या वाजवणार. काही प्रतिष्ठित चर्चांना ते गावंढळ वाटे. त्याच शहरात टॉमस डॉर्सी नावाचे संगीतकार होते. 1932 साली ते परगावी गायला गेले असताना तार आली की बाळंतपणात बायको गेली. पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखात त्यांनी देवाला उद्देशून एक गाणे रचले, माझा हात धर अशा अर्थाचे. जुन्या भजनांना नवा ताल देणारी जी "गॉस्पेल" नावाची गाणी, त्यांतले ते फार प्रसिद्ध गाणे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा 1968 साली खून झाला, तेव्हा त्यांच्या अंत्यसंस्काराला ते म्हटले कुणी? या धोबिणीचे काम केलेल्या महेलियाने. 1971 साली ती आपल्या देशातही येऊन गायली.

आपल्या देशाशी या गाण्यांचा संबंध जुना आहे. 1873 साली जेव्हा ती नॅशव्हिलची मुले इंग्लंडात गात होती, त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" हे पुस्तक काढले आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. 1936 साली सू बेली थर्मन नावाच्या कृष्णवर्णीय बाई आपल्या यजमानांबरोबर बार्डोलीला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या लोकांची भजने म्हणायला सांगितली, आणि त्यांनी म्हटली. 1959 साली किंग पतिपत्नी आले, मुंबईत मणिभवनात उतरले. किंगसाहेबांनीच लिहिले आहे की, मी जेवढी भाषणे केली जवळजवळ तेवढेच कोरेटाला गावे लागले. म्हणजे पाहा, यजमान बोलले ते पुस्तकात राहिले, आणि बाई गायल्या ते ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिले.

आता शेवटी आपल्याबद्दल बोलते, आणि कुणी मनाला लावून घेऊ नये.

गेल्या वर्षी आपले मंडळ भजन स्पर्धेला गेले होते. तिथल्या एका जाणत्या परीक्षकांनी सुचवले की, ज्यांचे आवाज जाड आहेत त्यांना मागे उभे करा, त्यांनी नुसते ओठ हलवावेत. आपण ते ऐकले. यंदा नंबर काढायचा म्हणून तालमीत तसेच केले. मीही केले. तेव्हापासून आपल्या एक आजी सोमवारी येत नाहीशा झाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात हे खरे, पण त्याआधी दहा वर्षेही दुखतच होते. आज त्या आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याशी बोलून, त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे. त्यांना जात्यावरच्या किती ओव्या येतात, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मोजल्या नाहीत गं. कुणी विचारलंच नाही."

पुणे भागात हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ या दोघांनी खेड्यापाड्यांत बायकांकडे जाऊन विचारले, तर एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एक लाख! जनाबाईपासून चालत आलेले हे धन आपल्या गल्लीतही थोडेफार असणारच. पण विचारायला कुणी गेले तर.

तेव्हा माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मंडळाने एक जाड वही करावी. दर सोमवारी भजनाआधी अर्धा तास एका वडील बाईंकडून ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी लिहून घ्यावीत. वर तिचे नाव आणि गाव लिहावे. तिकडच्या गाणाऱ्यांची नावे राहून गेली, आपल्या बायांची राहू नयेत. मुली मोबाईलवर आवाजही घेतील, कारण चाल कागदावर बसत नाही. पहिल्या पानावर माझ्या आईच्या अकरा ओव्या मी लिहून देते. दुसरी विनंती, यंदाच्या स्पर्धेला जायचेच असेल तर सगळ्या मिळून जाऊ, नंबर आला तर आला. आणि निदान सोमवारी तरी चौक करून, तोंडे आत करून बसू. मागची रांगच नको. एकेकीने मध्ये यायचे आणि आपले गाणे सांगायचे.

हे ठरवणे कार्यकारिणीच्या हाती आहे. मी आपले सुचवले.

त्या चार्ल्स्टनच्या बायकांनी "मी"चे "आम्ही" केले, तेव्हा त्यांना संप जिंकू की हरू हेही ठाऊक नव्हते. थंडी वाजत होती आणि शेजारी बाई उभी होती, एवढेच ठाऊक होते. आपल्याला तर पंचवीस वर्षे झाली शेजारी शेजारी बसून.

माझे बोलणे लांबले, चहा थंड होत असेल. पण बसण्यापूर्वी तिसऱ्या रांगेतल्या आजींना विनंती करते की त्यांनी पुढे यावे आणि एक ओवी सुरू करावी. लाऊडस्पीकर आहे. आजी, आज चालू राहू द्या तो. मागून आम्ही सगळ्या आहोत.